सरकारची काटकसर : कात्री नेमकी कुठे लागते?

सरकारने काटकसर केली पाहिजे, असे सांगणाऱ्यांची आपल्या देशात कधीच उणीव नव्हती. मात्र अर्थसंकल्प सादर झाला की बाजारपेठेत चर्चा होते ती दोनच गोष्टींची: काय महागले आणि कोणता कर वाढला. सरकार पैसा कशावर खर्च करते आणि खर्च कमी करायचा म्हटल्यावर कात्री कुठे लावते, हा प्रश्न आपण अर्थतज्ज्ञांवर सोडून देतो. वास्तविक त्याचा आपल्या धंद्याशी करांइतकाच जवळचा संबंध आहे. बँकेच्या कर्जाचा दर, घाटात अडकलेला मालाचा ट्रक, कारखान्याची वीज, सरकारी ऑर्डरचे थकलेले बिल, या सर्वांची मुळे तिथपर्यंत पोहोचतात.

एखादा यंत्रमागधारक पैशांच्या अडचणीत आला तर तो काय करतो? मागाची दुरुस्ती पुढे ढकलतो. सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचे पैसे थकवतो. किंवा मग घरखर्च, लग्नकार्यातला डामडौल आणि धंद्यातल्या न परवडणाऱ्या सवयी यांचा नव्याने हिशेब मांडतो. पहिल्या दोन उपायांनी महिनाअखेरीस गल्ल्यात पैसे उरलेले दिसतात खरे, पण सहा महिन्यांनी माग बंद पडतो आणि सूतवाला उधारी तोडतो. तिसरा उपाय कटकटीचा असतो, त्यावरून घरात भांडणे होतात. आपल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी १९९१ पासून हे तिन्ही उपाय करून पाहिले. पहिले दोन वारंवार केले, तिसरा क्वचित. सरकारी तिजोरीची तब्येत खऱ्या अर्थाने सुधारली ती जिथे तिसरा उपाय झाला तिथेच.

दुकान आणि सरकार यांची ही तुलना फार ताणता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. दुकानदाराला एक दिवस कर्ज फेडून मोकळे व्हावे लागते. सरकार चालूच राहते, म्हणून ते जुने कर्ज नव्या कर्जाने फेडू शकते. शिवाय मंदीच्या किंवा साथीच्या वर्षी सर्वांनीच हात आखडता घेतला तर बाजार बसतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने तूट वाढू देऊन रेशनवर मोफत धान्य दिले, ते योग्यच होते. तेव्हा कर्ज आहे की नाही यापेक्षा ते कशासाठी काढले आणि त्याचे व्याज किती बसते, हे पाहायचे.

सोने गहाण पडले तेव्हा

१९८० च्या दशकात केंद्र सरकारने सढळ हाताने कर्जे काढली. १९९०-९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त केलेला आणि कर्जाने भागवलेला खर्च, देशाच्या एकूण उत्पादनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास गेली. त्यातच आखाती युद्धामुळे तेल महागले. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोने पुन्हा विकत घेण्याच्या बोलीवर परदेशात विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून पैसा उभा केला.

सोन्याची गोष्ट सर्वांना आठवते. त्या काळी आपल्या बँकेत काय चालले होते ते मात्र फारसे सांगितले जात नाही. बँकेत १०० रुपयांची ठेव आली की त्यातले १५ रुपये रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत आणि ३८ रुपये ५० पैसे प्रामुख्याने सरकारी रोख्यांत गुंतवणे सक्तीचे होते. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम बाजूला पडत होती. उरलेल्या पैशांत शेती, मोठे कारखाने आणि शेवटी लहान व्यापारी. १९९१-९२ च्या सुमारास मोठ्या कर्जांना बँका १९-२० टक्के व्याज आकारत. मालेगावच्या किंवा भिवंडीच्या कारीगराला बँकेच्या दारातून परत येऊन सावकाराकडे का जावे लागे, याची कारणे अनेक होती, भेदभावही होता. पण सरकारने ठेवींवर आधीच हात मारलेला असे, हे त्यातले एक मोठे कारण होते. आज रोख्यांची ती सक्ती ३८.५ वरून १८ टक्क्यांवर आली आहे.

२४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव होता. देशभर ओरड झाली आणि पंधरवड्यात ती वाढ ३० टक्क्यांवर आली. लहान शेतकऱ्यांना तर वगळण्यात आले. अनुदानाला हात लावणे किती अवघड असते, याचा हा पहिला धडा. मग तूट कमी कशी झाली? १९९०-९१ मध्ये केंद्राच्या दर १०० रुपयांच्या खर्चात सुमारे ३० रुपये भांडवली खर्चाचे होते, म्हणजे रस्ते, रेल्वे, धरणे, यंत्रसामग्री आणि राज्यांना कर्जे. १९९६-९७ पर्यंत ते २१ रुपयांच्या आसपास आले. न बांधलेला रस्ता मोर्चा काढत नाही आणि न उभारलेले वीज केंद्र मतदानाला जात नाही. कात्री तिथे सहज चालली. पुढे २००५ नंतरच्या वर्षांत भारनियमनामुळे यंत्रमागाच्या गावांत माग तासन्‌तास बंद राहिले. त्याला वीज मंडळांचा कारभार, चोरी, थकबाकी अशीही कारणे होती. पण नव्या वीजनिर्मितीकडे वर्षानुवर्षे झालेले दुर्लक्ष हे मुख्य.

त्याच दशकात दुसऱ्या बाजूला पाचवा वेतन आयोग आला. आयोगाने पगारवाढ सुचवली आणि तिच्यासोबत कर्मचारी संख्येत ३० टक्के कपातही सुचवली. सरकारने १९९७ मध्ये पहिली शिफारस वाढवून स्वीकारली आणि दुसरी कपाटात ठेवली. राज्यांना केंद्राच्या मागे जाणे भाग पडले, आणि दशकाच्या अखेरीस बहुतेक राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या.

एक चांगली गोष्टही झाली, ती नोंदवली पाहिजे. तोपर्यंत केंद्र सरकार तूट पडली की रिझर्व्ह बँकेकडून हंगामी हुंड्यांवर हवा तेवढा पैसा उचलत असे, म्हणजे जवळजवळ नोटाच छापून घेत असे. १९९४ मध्ये त्यावर करार झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून ती सोय बंद झाली. पुढे कोणाचेही सरकार आले तरी हा नियम टिकला.

कायदा आला, पळवाटाही आल्या

२००३ मध्ये संसदेने राजकोषीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन कायदा केला. तूट ३ टक्क्यांवर आणायची आणि महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चासाठी काढावे लागणारे कर्ज, शून्यावर आणायची, असे त्यात ठरले. महाराष्ट्राने असाच कायदा २००५ मध्ये केला. २००७-०८ मध्ये केंद्राची तूट अडीच टक्क्यांपर्यंत खाली आली. कागदावर यश मोठे होते.

पण त्या वर्षांत डिझेल, रॉकेल आणि गॅस सिलिंडर खर्चापेक्षा कमी दरात विकून तेल कंपन्यांना जो तोटा होत होता, तो भरून देण्यासाठी सरकारने रोख पैसे न देता चिठ्ठ्या लिहून दिल्या. यांना तेल रोखे म्हणत. साधारण २००५ ते २०१० या काळात सुमारे १.४ लाख कोटी रुपयांचे रोखे दिले गेले. हा खर्च त्या त्या वर्षीच्या तुटीत दिसला नाही. त्यावर दरवर्षी सुमारे १०,००० कोटी रुपये व्याज मात्र जात राहिले आणि सुमारे १ लाख ३० हजार कोटींची मुद्दल २०२१ ते २०२६ या काळात फेडायची आली. २००८ साली टाकी भरणाऱ्याचे बिल त्याच्या मुलाने भरले, असाच याचा अर्थ.

ही युक्ती एकाच पक्षाची नव्हती. पुढच्या सरकारच्या काळात रेशनच्या धान्याचे अनुदान अन्न महामंडळाला पुरते न देता महामंडळाला अल्पबचतीच्या निधीतून कर्ज घ्यायला लावले गेले. ते कर्ज अडीच लाख कोटींच्या घरात गेले. शेवटी फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात सरकारने ही पद्धत थांबवून देणे चुकते करायचे ठरवले, आणि २०२०-२१ चा अन्न अनुदानाचा आकडा एकदम ५.४१ लाख कोटींवर गेला. त्यात साथीच्या काळातले मोफत धान्य होते, तशीच जुनी उधारीही होती. ज्या वर्षी तूट तशीही प्रचंड दिसणार होती, त्या वर्षी जुने लपवलेले खाते उघडले गेले. हिशेबाच्या दृष्टीने हे काम चांगले झाले, वेळही चतुराईने साधली.

पन्नास पैशांची गोष्ट

खर्चाचा नियमच बदलला गेला, अशी अलीकडच्या काळातली दोन मोठी उदाहरणे आहेत. त्यातले पहिले डिझेलचे.

२०१२-१३ मध्ये डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस यांवरचा तेल कंपन्यांचा तोटा मिळून सुमारे १.६ लाख कोटी रुपये होता. त्यातला ९२,००० कोटींचा वाटा एकट्या डिझेलचा. या स्वस्त डिझेलचा फायदा ट्रकवाल्याला आणि शेतकऱ्याला होत होता, तसाच डिझेलवर चालणाऱ्या आलिशान मोटारींना, मॉलच्या आणि मोबाइल मनोऱ्यांच्या जनरेटरलाही होत होता. गरिबासाठी म्हणून दिलेली सवलत जास्त वापरणाऱ्याला जास्त मिळते, हा किमतीवरच्या अनुदानाचा जुना दोष.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने डिझेल एकदम ५ रुपयांनी वाढवले, तेव्हा बंद पुकारला गेला आणि एका मित्रपक्षाने केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला. जानेवारी २०१३ मध्ये वेगळा मार्ग निवडला गेला: दर महिन्याला लिटरमागे साधारण ५० पैसे. वाहतूकदार कुरकुरले, भाडी थोडी थोडी वाढली, पण बाजाराला त्याची सवय झाली. मोठ्या खरेदीदारांना मात्र एकदम बाजारभाव लावला गेला. त्यावर काही राज्यांच्या एसटी महामंडळांनी आपल्या गाड्या साध्या पंपावर रांगेत उभ्या केल्या. नियम करणाऱ्याच्या दोन पावले पुढे वापरणारा असतो, तो असा.

२०१४ च्या उत्तरार्धात जगात कच्चे तेल झपाट्याने उतरले. ऑक्टोबर २०१४ मध्ये नव्या सरकारने डिझेलचा दर पूर्ण मोकळा केला आणि त्याच दिवशी डिझेल तीन रुपयांहून अधिक स्वस्त झाले. नशिबाची साथ होतीच. पण वीस महिने पन्नास-पन्नास पैसे चढवले नसते तर नशीब येऊनही दरातली दरी भरली नसती. पाठिंबा काढला गेलेल्या सरकारने सुरू केलेले काम त्याच्या विरोधकांनी पूर्ण केले, याचे श्रेय दोघांनाही दिले पाहिजे.

गोष्टीचा उत्तरार्ध इतका सरळ नाही. दर मोकळे झाल्यावर नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचे उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. तेल उतरल्याचा बराचसा फायदा पंपापर्यंत न येता तिजोरीत गेला. आणि २०२२ पासून पंपावरचे दर, कागदोपत्री मोकळे असूनही, महिनोन्‌महिने हलले नाहीत. ट्रकमालकाने म्हणावे की अनुदान गेले आणि त्याच्या जागी कर आला, तर त्याला खोटे ठरवता येणार नाही. तरीही तिजोरीच्या दृष्टीने पाहिले तर एक मोठे भोक कायमचे बुजले.

ज्याचे फळ तीस वर्षांनी

दुसरे उदाहरण निवृत्तिवेतनाचे, आणि ते अधिक नाजूक आहे. जुन्या पद्धतीत सरकारी नोकराला शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळे आणि महागाई भत्त्याबरोबर ते वाढत जाई. त्यासाठी बाजूला पैसा साठवलेला नसे. त्या त्या वर्षीच्या करांतून ते दिले जाई. माणसे जास्त जगू लागली आणि वेतन आयोगागणिक रक्कम वाढत गेली. केंद्राने १ जानेवारी २००४ नंतर नोकरीत आलेल्यांसाठी (सैन्यदले सोडून) ही पद्धत बंद केली. नव्या पद्धतीत कर्मचारी आणि सरकार दोघे पगाराचा ठरावीक हिस्सा दरमहा भरतात. सरकारचा हिस्सा आधी १० टक्के होता, २०१९ पासून १४ टक्के झाला. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना हाच नियम लावला.

यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. सुरुवातीची तीस वर्षे सरकारचा खर्च कमी होत नाही, उलट वाढतो. जुन्या निवृत्तांना वेतन द्यायचेच आणि नव्यांच्या खात्यात हिस्साही भरायचा. बचत दिसू लागते ती २००४ ची पिढी निवृत्त होऊ लागल्यावर, म्हणजे २०३४ च्या पुढे. म्हणूनच मधल्या काळात मागे फिरण्याचा मोह फार मोठा. २०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुनी पद्धत परत आणण्याचे जाहीर केले. तसे केल्याने दरमहाचा हिस्सा वाचतो, कर्मचारी खूश होतात, आणि बिल येते ते आजचे मंत्री घरी बसल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने जुन्या पद्धतीचा दीर्घकालीन बोजा नव्या पद्धतीच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो, असा हिशेब मांडला होता.

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले कर्मचारी याच मागणीसाठी आठवडाभर संपावर होते. त्यांची चिंता खोटी नाही. बाजाराच्या चढउतारावर म्हातारपण सोपवायला कोणाला आवडेल? पण आपल्यातला जरदोजी करणारा, भांडी घडवणारा किंवा हातगाडीवाला याला निवृत्तिवेतन नावाची गोष्टच नसते, आणि तो दर खरेदीवर कर भरतो. एप्रिल २०२५ पासून केंद्राने तडजोड म्हणून एकत्रित पेन्शन योजना आणली: २५ वर्षे सेवा झाल्यास निम्म्या वेतनाची हमी, कर्मचाऱ्याचा हिस्सा चालू आणि सरकारचा वाटा १८.५ टक्के. ही तडजोड महाग आहे, पण हिस्सा बाजूला साठवण्याचे तत्त्व तिने सोडलेले नाही. जुन्याकडे संपूर्ण परत जाण्यापेक्षा ती बरी, असे आमचे मत आहे.

महाराष्ट्राचे खाते

आता आपल्या राज्याकडे वळू. एकेकाळी महाराष्ट्र सांभाळून खर्च करणाऱ्या राज्यांत गणला जाई. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. बच्छावत लवादाने ठरवून दिलेले पाणी मे २००० पूर्वी अडवायचे म्हणून महामंडळाने सरकारच्या हमीवर चढ्या व्याजाचे रोखे विकले. हेतू रास्त होता. पण एकाच वेळी अनेक धरणे सुरू झाली, बरीच रखडली, आणि पाणी येण्याआधी व्याज आले. म्हणजे भांडवली खर्चसुद्धा नुसता केला म्हणून चांगला होत नाही; अर्धवट धरण हे कर्जच असते.

२०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवली गेली आणि राज्यावरचे कर्ज सुमारे ९.३ लाख कोटींवर जाईल असा अंदाज होता. महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचा आकार पाहता हे कर्ज लगेच बुडवणारे नाही. काळजी महसुली तुटीची. घर बांधायला काढलेले कर्ज वेगळे आणि किराणा भरायला काढलेले वेगळे.

जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. २०२५-२६ साठी तिला ३६,००० कोटी रुपये ठेवले होते. या योजनेला सरसकट उधळपट्टी म्हणणे आम्हाला पटत नाही. हा पैसा मोहल्ल्यातल्या दुकानातच येतो, किराण्यात, कापडात, मुलांच्या वह्यांत. घरात बाईच्या हाती थेट रक्कम येण्याचे मोलही वेगळे आहे. पण निवडणुकीच्या तोंडावर अर्जांची छाननी न करता पैसे वाटले गेले, आणि नंतर २०२५ मध्ये तपासणी झाली तेव्हा सरकारी नोकर महिला आणि काही पुरुषसुद्धा लाभार्थी निघाले. छाननी आधी करायची असते.

याच काळात दुसरीकडे काय झाले? २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनांनी थकलेल्या बिलांसाठी काम बंद आंदोलने केली. थकबाकीचा आकडा त्यांनी सुमारे ८९,००० कोटी सांगितला. कंत्राटदाराचे बिल थकले की तो सिमेंटवाल्याचे थकवतो, तो ट्रकवाल्याचे, आणि खिडक्या-दरवाजे करणारा सुतार, फरशी बसवणारा, लोखंडी जाळी जोडणारा वेल्डर हे सगळ्यात शेवटी उभे असतात. सरकारच्या तुटीत न दिसलेला पैसा अशा रीतीने कारीगराच्या वहीत उधारी म्हणून दिसतो. ही काटकसर नव्हे. हे कर्जच आहे, फक्त व्याज न देता आणि देणाऱ्याला न विचारता घेतलेले.

आपल्याही सवलतीचा हिशेब

दुसऱ्यांच्या अनुदानावर बोलताना आपल्याला मिळणाऱ्या सवलतीकडेही पाहिले पाहिजे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांना राज्य सरकार अनेक वर्षे वीजदरात सवलत देत आले आहे. ती नसती तर कित्येक साधे माग केव्हाच भंगारात गेले असते. प्रश्न असा की इतक्या वर्षांत त्या सवलतीने किती साधे माग स्वयंचलित झाले? वीज स्वस्त आहे तोवर जुना माग चालतो, आणि जुना माग चालतो तोवर नवा घेण्याची निकड वाटत नाही.

केंद्राने एप्रिल १९९९ मध्ये तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आणली होती. नवी यंत्रे घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात त्यात पाच टक्क्यांची भरपाई होती. कल्पना उत्तम, पण तिचा लाभ मोठ्या गिरण्यांनी जास्त घेतला, कारण लहान मागवाल्याकडे बँकेला दाखवायला तारण आणि कागदपत्रे नव्हती, आणि पुढच्या काळात भरपाईचे दावेही वर्षानुवर्षे अडकले. मागण्या मांडताना आपल्या संघटनांनी वीजदरात आणखी काही पैशांची सूट मागण्याऐवजी यंत्रबदलासाठी मुदतीची, वेळेवर हाती पडणारी मदत मागितली, तर ती सरकारला परवडेल आणि आपल्यालाही टिकाऊ ठरेल. हे सर्वांना आवडणार नाही, याची जाणीव आहे.

अर्थसंकल्प वाचताना

अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तके चाळण्याची गरज नाही. एक आकडा पाहावा तो व्याजाचा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी आणि त्यात व्याज १२.७६ लाख कोटी धरले होते. म्हणजे खर्चाच्या दर १०० रुपयांत २५ रुपये आणि महसुलाच्या दर १०० रुपयांत ३७ रुपये जुन्या कर्जाच्या व्याजालाच. त्या वर्षी नवे कर्ज काढायचे ठरले होते १५.६९ लाख कोटींचे. हे प्रमाण वर्षागणिक उतरते की चढते, यावर पुढच्या दहा वर्षांत शाळा, दवाखाने आणि रस्ते यांना काय उरेल ते ठरते. भांडवली खर्चाला त्याच अर्थसंकल्पात ११.२१ लाख कोटी दिले होते. २०१९-२० मधल्या सुमारे ३.३६ लाख कोटींच्या तुलनेत ही वाढ मोठी आहे, आणि १९९० च्या दशकातली चूक काही अंशी तरी सुधारल्याचे ते चिन्ह. राज्याच्या बाबतीत मात्र घोषणेचा आकडा न पाहता मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाले ते पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताशी पैसा कमी पडला की पहिली काट याच रकान्याला लागते.

सरकारी खात्यांना, नगरपालिकांना किंवा जिल्हा परिषदेच्या शाळांना गणवेश, फर्निचर, छपाई असा माल पुरवणाऱ्या बांधवांनी एवढे लक्षात ठेवावे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते आणि सुविधा परिषदेकडे दावा करता येतो. खासगी खरेदीदाराने मुदत चुकवली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला त्या रकमेची उत्पन्न करात वजावट मिळत नाही, हा धाक २०२३ च्या वित्त कायद्याने घातला. सरकारी खात्याला उत्पन्न कराचा धाक नाही, म्हणून तिथे आपला कागदच कामाला येतो. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी. माल पोचल्याची तारखेसह पोच घ्यावी, बिलाच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्यावा. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकलेल्या बिलांच्या या तरतुदीचा लाभ त्याला नाही. तयार माल विकत घेऊन पुरवणाऱ्याने म्हणूनच मुदतीची आणि व्याजाची अट ऑर्डर घेतानाच लेखी करारात घालून घ्यावी.